दुसऱ्या कडव्यापाशी

“काका, यात गाणारीला गायब करता येतं का?”

पैज मैत्रिणींची होती, तोंड तिचं. मागे मिक्सरच्या खोक्यांआड चष्मिश आणि लंबू हसू दाबत उभ्या होत्या. शाळेच्या कार्यक्रमात गायल्यापासून हिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पूर्वी हजेरीलासुद्धा जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, ती आता कुणालाही काहीही विचारायला एका पायावर तयार असायची. त्यात वाढदिवसाला घरी कराओके मशीन येणार होतं, आणि ते तिनेच निवडायचं असं ठरलं होतं.

दुकानदाराने प्रश्न मनावर घेतला.

“न यायला काय झालं? ही चकती बघ. डावीकडे असली की गाणारी आहे. उजवीकडे नेलीस की ती गेली, नुसती वाद्यं उरली. मग तू गा. आणलंयस एखादं गाणं?”

आणलं होतं. बाबांच्या खणातून न विचारता उचललेला पेनड्राइव्ह तिच्या दप्तरात होता. त्यात एकच गाणं होतं, आई वाद्यवृंदात गायची तेव्हाचं, घशाच्या ऑपरेशनच्या आधीचं. आता आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायची ते कापडावर कापड घासावं तशा आवाजात. तिच्यासमोर घरात ते गाणं कुणी लावत नसे. ती कामावर गेली की बाबा लावायचे, गिऱ्हाइकांची शिलाई मशीनं दुरुस्त करता करता.

चकती उजवीकडे गेली तशी आई विरत गेली. ओळींच्या शेवटी नुसता श्वास ऐकू येत राहिला, भिंतीपलीकडून यावा तसा. त्या रिकाम्या झालेल्या जागेत ती छाती भरून शिरली. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

“बाई गं!” गाणं संपल्यावर लंबू ओरडली. “आईची पार सुट्टी केलीस की तू!”

आणि ती हसली. चांगली खदाखदा हसली.

ते हसू घरी पोचेपर्यंत घशाशी येऊन बसलं. संध्याकाळी बाबा खण उपसत होते. आई आत भाजी निवडत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून खण हळूहळू ओढत होते.

“चिमणे, इथला पेनड्राइव्ह पाहिलास का गं?”

तिने दप्तराचा कप्पा चाचपला. कप्प्यात पेन्सिलचा तुकडा तेवढा होता. पेनड्राइव्ह दुकानातल्या मशीनलाच राहिला होता.

“नाही बाबा.”

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या खणापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी आई, बाबा आणि ती मशीन घ्यायला दुकानात गेली. आपण पुढे पळत जायचं आणि पेनड्राइव्ह काढून मुठीत घ्यायचा, असं तिने वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. पण दुकानदाराने तिला दारातच पाहिलं.

“आल्या का आमच्या गायिकाबाई! तुमचं गाणं तसंच ठेवलंय बरं का.”

त्याने बटण दाबलं. चकती कालच्याच जागी होती. व्हायोलिन सुरू झालं, मागे ढोल, आणि जिथे आई यायची तिथे कुणीच आलं नाही.

बाबांचा खिशातला हात खिशातच राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. रागाने नाही. तेच तिला जास्त लागलं.

“बंद करा हो,” ते दुकानदाराला म्हणाले.

“थांबा,” आई म्हणाली.

ती मशीनजवळ गेली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसऱ्या कडव्यापाशी तिने एकदम बोट वर केलं.

“एवढं परत लावा.”

दुकानदाराने लावलं.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकून ती बाबांकडे वळली. “हा व्हायोलिनवाला वेळेआधी शिरलाय. ऐकलंत?”

“मग?”

“मग काय! हे गायले त्या दिवशी इथे सगळ्या वादकांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं. मला वाटलं, मीच चुकले. इतकी वर्षं तेच वाटत होतं.” ती हसली, घोगरं, खोकल्यासारखं. “म्हणून तर कधी ऐकवत नव्हतं मला हे.”

बाबा चष्मा काढून पुसायला लागले.

आईने माईक उचलून लेकीपुढे धरला. “गा बघू. वाद्यं छानच आहेत. तो एक दीडशहाणा सोडून.”

तिने माईक घेतला. तोंड उघडलं, पण कालचा आवाज आला नाही. मग तिने दुसऱ्या हाताने चकती धरली आणि हळूहळू डावीकडे आणली. मधोमध येताच तरुण आई आली, लांबून, पातळ, पण नितळ. चकती तिथेच धरून ती आईबाबांकडे वळली.

“बाबा, पेनड्राइव्ह मीच आणला होता. काल खोटं बोलले. आणि आई, काल मी तुला पुसून गायले. सगळ्यांसमोर हसलेसुद्धा.” “हेच मशीन घ्यायचं. पण चकती याच्यापुढे जाणार नाही. आई वर राहील. मी खालून गाईन.”