आईविना आलेलं शिखर

पडद्यावरच्या आलेखात नको तिथे एक शिखर उगवलं आणि ती खुर्चीतून अर्धवट उठली.

मोजणीची खोली लहानशीच. मधोमध शिशाच्या विटांचं घरटं, आत गामा किरण टिपणारा शोधक आणि त्याच्यापुढे नखाएवढी धातूची पट्टी. सकाळीच या पट्टीवर शेजारच्या दालनात न्यूट्रॉनांचा मारा झाला होता. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात अणुकेंद्रं एकेक न्यूट्रॉन गिळत जड होत जातात. कुणाची भूक केवढी हे मोजलं, की विश्वात कुठला जड धातू किती घडला याचा अंदाज येतो. या पट्टीतल्या धातूच्या अणुकेंद्राची भूक आजवर कुणी नीट मोजलीच नव्हती, कारण हा धातू मिळता मिळत नाही. वर्षभर विनवण्या करून एवढीशी पट्टी पदरात पडली होती आणि ती वितळवून पातळ केली होती तिनेच, मोलिब्डेनम या दुसऱ्या धातूच्या द्रोणात.

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. आगंतुक शिखर टेक्निशियमचं होतं आणि मोलिब्डेनमवर न्यूट्रॉन आदळले की त्याच्यातून पुढे टेक्निशियमच जन्माला येतं. म्हणजे द्रोणाचा अंश पट्टीत उतरला होता. पट्टी बाटली होती आणि दुसरी मिळणार नव्हती.

“मामा, सगळं पाण्यात गेलं हो,” ती म्हणाली.

शिशाच्या विटा रचण्यात हयात घालवलेल्या त्या तंत्रज्ञाला सगळेच शिशेमामा म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आधी जेवून घ्या, ताई. बाबा मघापासून बाहेर डबा घेऊन बसलेत.”

तिचे बाबा निवृत्त शिंपी. आई गेल्यापासून रोज दुपारी डबा आणायचे आणि ती येईपर्यंत भिंतीलगतच्या बाकावर बसून राहायचे. लेक विश्वाचं माप घेते, असं शेजारीपाजारी सांगत सुटायचे. आज त्यांना तोंड दाखवायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

“थांबा, आधी आई शोधते,” ती म्हणाली.

मोलिब्डेनम ही आई, टेक्निशियम लेक. आईचं स्वतःचं शिखर आलेखात बरंच पुढे, जास्त ऊर्जेला दिसतं. तिने तो भाग मोठा करून पाहिला. काहीच नाही. पुन्हा पाहिला. सगळं सपाट. लेक एवढी ठळक आणि आईचा पत्ताच नाही!

“शिखर वाढायचं थांबलं की,” मामा पुटपुटले. आणि जरा वेळाने, “अरे, परत वाढायला लागलं!”

द्रोणाचा अंश असा दम खात खात वाढत नाही. बाहेर बाक करकरला. बाबा पाणी पिऊन परत बसले असावेत. आज त्यांच्या फेऱ्या जरा जास्तच चालल्या होत्या. घरट्याला त्याच बाजूने, शोधक थंड ठेवणाऱ्या नायट्रोजनच्या टाकीसाठी, फट ठेवलेली होती.

आईपासून तोडलेलं टेक्निशियम कुठे मिळतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. इस्पितळात. सुई टोचून माणसाच्या अंगात सोडतात आणि मग त्याचं हृदय तपासतात; पुढे दिवसभर त्याच्या अंगातून किरण निघत राहतात.

पट्टी शुद्ध होती, पण आनंद व्हायच्या आतच ती दाराकडे धावली. तिने दार उघडलं.

“बाबा, सकाळी कुठे गेला होतात?”

“कुठे म्हणजे? बाजारात.”

“बाबा.”

ते डब्याच्या कडीशी चाळा करत बसले. “तुला कुणी चुगली केली?”

“तुम्हीच केलीत. कधीपासून दुखतंय?”

“दुखत नाही गं. जिना चढताना छातीत भरून यायचं. तुझी मोजणी तोंडावर आलेली. म्हटलं, ही पोरगी सगळं टाकून माझ्या उशाशी बसेल.”

“डॉक्टर काय म्हणाले?” ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. वजन उतरवा आणि भरपूर पाणी प्या. आणखी वीस वर्षं कोट शिवाल म्हणाले.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “अगं, खरंच म्हणाले. तुझ्या आईची शपथ.”

तिला रडू आवरेना. एकाच दुपारी पट्टी आणि बाबा दोन्ही वाचले होते, आणि त्यातलं एक संकटात होतं हे तिला मघापर्यंत ठाऊकही नव्हतं. रडतारडताच ती त्यांच्यावर डाफरली, “उठा आधी तिथून! माझी मोजणी नासवताय!”

बाबा गुन्हेगारासारखे डबा घेऊन पार व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसले. तिने आत जाऊन जुनी मोजणी पुसली, नवी लावली आणि पडद्यासमोर न बसता बाहेर आली.

बऱ्याच वेळाने मामा दारातून ओरडले, “ताई, एकदम स्वच्छ! या लवकर, बघा तरी!”

“येते,” ती तिथूनच म्हणाली. डबा कधीच संपला होता. ती बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि उठत नव्हती.