एक्केचाळीस गुण

व्हर्नन गॅस्किल जानेवारीत आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही सलग सहा सामने जिंकलो. ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांच्या दरम्यान काय घडले हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना या दोहोंचा संबंध फार सरळ वाटतो. ओहायोतले आमचे गाव लहान. आदल्या वर्षी दहापैकी आठ सामने हरल्यावर ज्या डायनरमध्ये माझ्याशी कोणी बोलत नव्हते, तिथे आता माझ्या कॉफीचे पैसे घेईनासे झाले होते.

मी संघाचा ट्रेनर. मुलांचे घोटे बांधणे, निखळलेले खांदे सांभाळणे, आणि डोक्याला मार बसलेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरू शकतो की नाही हे ठरवणे, हे माझे काम. बावीस वर्षे ते करतो आहे. मुले मला डॉक म्हणतात. मी डॉक्टर नाही.

गॅस्किल यांनी आल्या आल्या सरावाच्या मैदानालगत खडीचा एक चौकोन आखून घेतला. जखमी खेळाडूने विश्रांती घ्यायची नाही. पिवळा सदरा घालून, खांद्यावर वाळूचे पोते घेऊन, सर्वांच्या देखत त्या खडीत फेऱ्या मारायच्या. जो खडीत गेला त्याचे नाव दुसऱ्या सकाळी, कोणाला आधी खेळवायचे त्या दारावरच्या यादीत तळाला जाई. एप्रिलनंतर माझ्या खोलीत कोणी लंगडत आले नाही. मुले दुखणी लपवू लागली होती, आणि माझी रिकामी खोली संघाच्या कणखरपणाचा पुरावा म्हणून पाहुण्यांना दाखवली जात होती.

हंगामापूर्वी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक खेळाडूच्या स्मरणशक्तीची परीक्षा होते. संगणकावर काही शब्द आणि आकृत्या दाखवतात, मग त्या आठवायला सांगतात. निरोगी डोक्याचे हे गुण जपून ठेवायचे. पुढे मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घेऊन गुण ताडून पाहायचे, आणि ते घसरले असतील तर खेळाडूला बाहेर बसवायचे. त्या ऑगस्टमध्ये एकोणीस मुलांचे गुण आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मी स्वतःशी वाद घातला: ऊन कडक होते, सराव दोन वेळचा होता, मुले थकलेली होती. वादात मला कोणतीच फट सापडली नाही. मी निकालांवर सही केली.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सरावात आयझॅक ट्रूडेलची एका गड्याशी टक्कर झाली. तो बचावफळीच्या मधोमध खेळे. उठला, हसला, आणि चुकीच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. बुधवारी मी त्याची परीक्षा घेतली.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

"ऑगस्टमध्येही एक्केचाळीसच होते. झालं की मग, डॉक. सोडा मला."

"गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर होते."

"गेल्या वर्षी मी हुशार होतो. मग इथे शिकलो ना वर्षभर."

मला हसू आले नाही. "ऑगस्टमध्ये तू मुद्दाम चुकलास, आयझॅक."

त्याने दार बंद आहे ना ते पाहिले. "मी एकटा नाही. आधीच कमी काढून ठेवायचे, म्हणजे नंतर घसरायला जागाच उरत नाही. सगळ्यांना माहीत आहे हे. तुमच्याशिवाय."

"आणि आज? आज किती उत्तरं मुद्दाम चुकवलीस?"

"आज कशाला चुकवू? एक्केचाळीसच्या खाली गेलो तर खडीत जाईन, म्हणून आज जीव तोडून सोडवली. एकही नाही चुक—"

तो थांबला. स्वतःचे वाक्य त्याला ऐकू आले असावे. त्याने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिले, आणि त्याचा प्रचंड पंजा हळूहळू मांडीवर मिटत गेला.

"कोचना सांगू नका," तो म्हणाला.

मी सांगितले. गॅस्किल यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोटाने आकडे दाखवले.

"सारखेच आहेत."

"ऑगस्टचा कागद खोटा आहे, कोच."

"सही कोणाची आहे त्यावर?"

"माझी."

"मग नीट ऐका, डॉक. याला बसवलंत तर बाकीच्या अठरा जणांनाही बसवावं लागेल. शनिवारी काय कॉलेजच्या बँडवाल्यांना खेळवू? आणि वरचे लोक मला नाही विचारणार. तुम्हाला विचारतील, ऑगस्टमध्ये डोळे मिटून बसला होतात का म्हणून." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "घरी जा. झोप काढा जरा."

बाहेर पडल्यावर जिन्यात माझे पाय थबकले. अठरा हा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता.

शनिवारी दुपारी आयझॅक पूर्ण पोशाखात रांगेत उभा होता. राष्ट्रगीतासाठी सर्वांनी हेल्मेट काढून बाकावर ठेवली, आणि मी त्याचे उचलले. हा आमच्या धंद्यातला जुना उपाय आहे: हेल्मेटवाचून कोणालाही मैदानात पाऊल टाकता येत नाही. ते कुशीत धरून मी सामानाच्या पेटीवर बसलो.

"ट्रूडेल," गॅस्किल ओरडले, आणि मग त्यांना मी दिसलो. ते जवळ येऊन वाकले. "द्या ते."

"नाही देत."

"सोमवारी तुमची खोली रिकामी करून ठेवा," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या मुलाला पुढे ढकलले.

आयझॅक माझ्या शेजारी बसला. पहिला अर्धा तास त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. समोर हाडामांसाचे आवाज होत होते, प्रेक्षक उठून उभे राहत होते, आणि प्रत्येक टकरीनंतर मी पाठीवरचे क्रमांक शोधत होतो. त्या अठरांपैकी अकरा जण त्या क्षणी मैदानात होते.

"यादी आहे ना तुमच्याकडे?" तो पुढे पाहतच म्हणाला.

"आहे."

"एकवीस नंबर आहे त्यात?"

"आहे."

"दर डावाला बाजूचा हॉब्सन त्याला खांद्याला धरून जागेवर उभा करतोय. मी कधीपासून बघतोय. त्याला कळतच नाहीये कुठं उभं राहायचं ते."

मी पाहिले. हॉब्सन त्याला वळवत होता, आंधळ्याला वळवावे तसे.

मी पेटीवरून उठलो आणि आयझॅकचे हेल्मेट काखेत मारून पंचाच्या दिशेने, खेळ चालू असताना, पांढरी रेघ ओलांडून आत गेलो.