जामीनदार बहीण

वसुलीवाला दारात आला की माणसं काय काय करतात! कुणी घरात नाही म्हणून आतूनच ओरडून सांगतं, कुणाला एकदम ऐकूच येईनासं होतं. लातूरच्या नाझनीननं मात्र रविकिरणला पहिल्याच दिवशी खुर्ची दिली, चहा दिला आणि वर त्यालाच विचारलं, "साहेब, आमच्या भाईला हुडकून काढताल का?"

रविकिरणच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

भाई म्हणजे फारूक, तिचा थोरला भाऊ आणि मूळ कर्जदार. देगलूरला नाझनीनच्या माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. अब्बांच्या मागं ते फारूक चालवायचा. गावात रेडिमेड कपड्यांचे ढीग यायला लागले नेमके त्याच सुमारास या शहाण्यानं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि मोटारीवर चालणाऱ्या नव्या शिलाई मशीनी विकायला भरल्या. जामीनदार म्हणून सही केली नाझनीननं. भावानं म्हटलं सही कर, तिनं केली. मशीनी धूळ खात पडल्या, बँकेनं घर विकलं, तरी कर्ज पुरतं फिटलं नाही. किल्ल्या दिल्या त्याच दुपारी फारूक हत्यारांची पिशवी घेऊन निघाला, तो पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नाही. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

तिनं काय कमी शोधलं? बिदर झालं, हैदराबाद झालं, कंधारच्या उरुसात गर्दीतल्या एकेकाचं तोंड न्याहाळत फिरली. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि नातेवाइकांनी नाव टाकलं. घर बुडवून पळाला म्हणायचे. घर गेल्याचं तिलाही वाईट वाटायचं, पण घराची आठवण यायची ती भावासकट. पुढच्या खोलीत त्याचं शीळ घालत मशीन उघडून बसणं नसेल, तर त्या भिंती घेऊन तिला करायचं काय होतं?

आणि अशात बँकेनं त्या जुन्या बाकीपायी माणूस लावला. लोकांना शोधून काढणं हेच ज्याचं पोट, असा माणूस आपल्या पायानं घरी चालत आला. नाझनीनला तर देवच पावला.

"आमच्या भाईची एक खूण हाय," ती त्याला सांगायची. "मशीन दुरुस्त केली की तिच्या सुईच्या पायाखाली हिरव्या कापडाचा तुकडा ठेवून, टीप मारूनच परत देतो. रिकाम्या पायानं मशीन देऊ नये, असं अब्बांनी शिकवलेलं. बाकीचे हाताला येईल ते कापड ठेवतात. आमच्याकडं हिरवंच."

घरातच तिचं शिलाईचं दुकान होतं; तिथल्या अब्बांच्या जुन्या मशीनच्या सुईखाली तसाच तुकडा होता, रंग उडून पार पांढुरका झालेला. ती मशीन इतकी खडखडायची की रविकिरण एकदा वैतागला. "मावशी, लातुरात मेकॅनिक भेटत न्हाई का?"

"भेटते की. पण हिला हात कुणाला लावू देत न्हाई मी. माझा मेकॅनिक तुम्ही हुडकून राहिलात ना?"

तिची मुलगी सुमय्या एका वकिलाकडे टायपिंग करायची. ती चिडायची. "अम्मी, हे कर्ज लई जुनं झालंय, वसुलीची मुदत कधीच संपली. आमच्या सरांची एक नोटीस गेली की हे लोक पुन्हा दारात येणार न्हाईत."

"खबरदार नोटीस पाठवलीस तर," नाझनीन म्हणायची. त्यांनी येणं बंद केलं, तर भाईला शोधणारं जगात उरतं कोण?

दिवाळीनंतर रविकिरण आला तो चपला न काढताच बोलायला लागला. "मावशी, सापडला! इस्लापूरला. एका टेलरकडं बसलो होतो, तर मशीनच्या सुईखाली हिरवं कापड. विचारलं, तर म्हणाला, धबधब्याच्या रस्त्याला फारूकमामू दुरुस्तीला बसतात."

इस्लापूर! दिल्ली नाही, दुबई नाही, आपल्याच नांदेड जिल्ह्यात. नाझनीननं लगेच बुरख्याकडे हात नेला.

"जाऊ नका," रविकिरण खाली मान घालून म्हणाला. "बहीण इथं आली तर हे पण गाव सोडीन म्हणाला. कोणत्या तोंडानं भेटू, म्हणतो. घर विकल्यावर सगळं फिटलं, असंच समजून होता तो. तुमच्या दारात आम्ही येतो हे ऐकून रडला. नांदेडला लोकअदालत हाय, तिथं येऊन एकदाचं मिटवतो म्हणाला. जामीनदार म्हणून तिथं तुम्हाला पण यावंच लागतंय."

लोकअदालतीच्या दिवशी नांदेडच्या कोर्टात सगळे पडेल चेहऱ्यानं बसले होते. नाझनीन आली ती ईदची साडी नेसून, हातात डबा घेऊन. डब्यात अंबाडीची आंबट भाजी होती आणि ज्वारीच्या भाकरी. शिपायानं पुकारा केला, "कर्जदार फारूक, जामीनदार नाझनीन!" दोघांची नावं अशी एका दमात फक्त अब्बा घ्यायचे, जेवायला बोलावताना. तिच्या डोळ्यांना धारच लागली.

फारूक दाराशी उभा होता. डोक्यावरचे केस गेलेले, हुबेहूब अब्बा. तो येऊन तिच्या शेजारी बसला, पण नजर टेबलावर. हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

बँकेचे साहेब भले होते. एकरकमी भरलं तर निम्म्याहून जास्त माफ, असं म्हणाले. सुमय्यानं आईजवळ पैसे देऊन ठेवले होते, फारूकनंही आणले होते. आता सही करायची आणि मोकळं व्हायचं. फारूकनं पेन उचललं. त्याची घाई नाझनीनला दिसली. सही झाली की हा उठणार, बस पकडणार आणि पुन्हा नाहीसा होणार. याला परत आणायला मग वसुलीवालासुद्धा नसेल.

"साहेब," ती म्हणाली, "हप्त्यानं भरू आम्ही."

"अहो बाई, हप्त्यानं भरलं तर एवढी माफी मिळत नाही."

"नका देऊ. जितके लांब हप्ते देता येतील तितके द्या."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "बरं, मग ऑनलाइन भरत जा."

"मला त्या मोबाइलमधलं काही कळत न्हाई."

रविकिरण मागंच उभा होता. तिच्या दुकानात पैसे घ्यायचा स्कॅनर भिंतीवर चिकटवलेला आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या पँटची उंची कमी करून घेतली तेव्हा त्यानं त्यावरच पैसे दिले होते. तो पंख्याकडे बघत राहिला.

"आणि मॅडम," नाझनीन तडजोड लिहून घेणाऱ्या पॅनेलवरच्या बाईंकडे वळली, "कर्ज दोघांचं हाय. महिन्याच्या महिन्याला दोघांनी जोडीनं येऊन भरायचं, असं लिहा."

"नाजो," फारूक एकदम म्हणाला, "पागल हुई क्या?"

अकरा वर्षांनी ऐकलेलं त्याचं पहिलं बोलणं ते. ते ऐकून तिला बरंच वाटलं. मॅडमनी चष्म्यावरून आधी भावाकडे पाहिलं, मग बहिणीच्या मांडीवरच्या डब्याकडे. आणि तसंच लिहिलं.

बस स्टँडवर फारूक खिडकीपाशी बसला. तिनं डबा आत दिला.

"डबा?" त्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्याला आण."

गाडी सुरू झाली तसा तो खिडकीतून वाकला. "अब्बा की मशीन कैसी चलरी?"

"बजरी. लई खडखड बजरी."

त्यानं पिशवीवरून हात फिरवला. "अगली किस्त के पैले लातूर आतूं मैं. देखतूं उसकू."

गाडी वळणाआड गेली तरी ती तिथंच उभी होती. रविकिरण जवळ आला. "मावशी, मधी कधी पैसे जमले, तर सगळी बाकी एकदम पण भरता येते बरं का."

"नको रे बाबा," नाझनीन पदरानं डोळे पुसत म्हणाली. "एवढी काय घाई हाय?"