डावी बाजू मागून येते

लोखंडे सिस्टरांनी सांगितलं होतं. मला सातवा महिना होता. माझं प्रेशर घेऊन झालं तसा त्यांनी गमतीत तो पट्टा विराजच्या दंडाला गुंडाळला. मग पुन्हा एकदा फुगवला. म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा साहेबांचंच जास्त आहे. तपासून घ्या एकदा नीट." मी हसले. चौतिशीतला माणूस, चार मजले चढून येतो रोज. "बाप होण्याचं टेन्शन असेल," म्हटलं.

ओवी आता नऊ महिन्यांची आहे, आणि सोमवारपासून विराजची डावी बाजू उजवीच्या मागून येते.

विराज ॲनिमेशन करतो. सध्या कॉलेजच्या मुलांसाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ करतोय, तरुणपणी पक्षाघात कसा टाळायचा यावर. त्यातलं मुख्य पात्र, पम्या, त्याने आरशात स्वतःला बघून काढलं. चेहरा अर्धाच काढायचा, उजवा. डावा कॉम्प्युटर उलटवून जोडतो. सोमवारी पम्याचं तोंड वाकडं होण्याचा सीन होता. त्यासाठी डावी बाजू उजवीपासून सोडवावी लागते. विराजने ती सोडवली आणि जेवायला आला, तो अर्धा आला. बाकीचा मी भाजी वाढेपर्यंत आला.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"कळलं नाही मला," तो म्हणाला.

मंगळवारी दोन बाजूंमध्ये दूध उतू जाण्याइतकं अंतर होतं. मी दार धरून ठेवायला शिकले. एकदा विसरले, तर त्याची डावी बाजू बाहेरच उभी राहिली. बेल वाजवली नाही. बेल तो उजव्या हाताने वाजवतो. ओवीला हे माझ्याआधी जमलं. ती एका गालाची पापी घेते, थांबते, दाराकडे बघते.

"दवाखान्यात जाऊ या," बुधवारी मी म्हटलं.

"व्हिडिओ दिला की जातो."

"आणि व्हिडिओत काय सांगतोयस रे पोरांना?"

"प्रेशर तपासा, मीठ कमी करा, झोप घ्या, सिगरेट सोडा." पापड खात खात त्याने चारही गोष्टी सांगितल्या. "कॉलेजच्या पोरांसाठी आहे ते. मला पाठ आहे."

गुरुवारी त्याची डावी बाजू यायच्या आत ओवीची अंघोळ झाली, तीट लावून झाली, ती झोपलीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ गेला. मी ओवीला कडेवर घेतलं, विराजचा उजवा हात धरला आणि दोघांना दवाखान्यात नेलं. लोखंडे सिस्टरांनी पट्टा काढला.

"मी डाव्या दंडालाच बांधते. तो कुठाय?"

"येतोय मागून."

"कधी निघालाय?"

मी जिन्याकडे बघितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, वयापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. ओळखलं असावं.

बाकांवर नंबर लावून बसलेली कॉलेजची मुलं भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होती. व्हिडिओ तिथे पोचलासुद्धा होता. पम्याने हसून दाखवलं, दोन्ही हात वर केले, एक वाक्य बोलून दाखवलं. बाकांवरच्या मुलांनीही हात वर केले. पम्याच्या डाव्या मनगटावर विराजचं घड्याळ होतं. घड्याळाच्या पट्ट्यावर ओवीच्या दोन दातांच्या खुणा होत्या.

"छान झा," विराज म्हणाला.

उरलेला शब्द अजून यायचाय.

सिस्टर प्रेशरचा पट्टा उघडा धरून बसल्यात. मी ओवीला घेऊन दार धरून उभी आहे. जिना रिकामा आहे. व्हिडिओ संपतो, पुन्हा सुरू होतो. मला इथून हलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात जो कोणी आत स्क्रीनसमोर बसलाय, त्याला हाक मारा. बाहेर आला की दार लगेच लावू नका. अख्खा आलाय का, बघा.