डिकीवरचे डोळे

रागाच्या भरात माझं तोंड माझ्या आधी धावतं. दिवाळीच्या तोंडावर आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने पार्किंगमधली माझी गाडी 'भंगार' ठरवली, आणि माझा नवरा महेश जेवता जेवता म्हणाला, की सेक्रेटरीचं काही खोटं नाही, विंचूरचा ओम नावाचा एक मुलगा गाडी घ्यायला तयार आहे, देऊन टाकू. मी ताटावरून उठले आणि म्हणाले, "भाऊबीजेनंतरच्या रविवारपर्यंत गाडी नव्यासारखी दिसली नाही, तर मी स्वतः त्याच्या हातात किल्ली देईन." महेश शांत माणूस. त्याने शांतपणे ओमला फोन केला आणि रविवारी थेट माझ्या माहेरी, दिंडोरीला, यायला सांगितलं.

गाडी माझी होती. कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं क्लर्की केल्यावर घेतलेली, जुनी, मरून रंगाची, चारचौघींसारखी छोटी गाडी. चाळिशी उलटल्यावर मी तिच्यावर चालवायला शिकले. त्याआधी नाशिकहून दिंडोरीला जायचं म्हटलं तरी मी घरभर विचारत फिरायचे, मला कोण सोडतंय? ती गेली असती तर मी पुन्हा तीच बाई झाले असते. मला ते नको होतं, अजिबात नको होतं.

गॅरेजवाल्याने रंगाचा भाव सांगितला तेव्हा मला हसूच आलं. मग मोबाइलवर एक माणूस अंगणात स्पंजच्या रोलरने आपली मोटार रंगवताना दिसला. घराच्या दारांना लावतो तोच ऑइलपेंट, टर्पेंटाइन घालून दुधाइतका पातळ केलेला. रंगाचा एक पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचा, की पुन्हा पातळ हात. मी ते इतक्या वेळा पाहिलं की महेशने चार्जर लपवला. असं खरंच जमतं का, या एका प्रश्नाने मला झोप येईना. शहरातल्या दुकानात मशीनवर मिसळून गाडीच्या कागदावर आहे तोच मरून बनवून घेतला, मोजका एक डबा, आणि सुट्टी लागताच गाडी अण्णांच्या शेडमध्ये नेऊन लावली.

अण्णा म्हणजे माझे वडील, खंडेराव. द्राक्षबागेतलं मोठं नाव. कुठल्या फवारणीत काय घालायचं हे विचारायला आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. त्यांची एक पद्धत आहे: नवं औषध मारलं की बागेतली एक ओळ मुद्दाम कोरडी सोडायची. सोडलेली ओळ आणि मारलेली ओळ शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय औषधाने काम केलं असं म्हणायचं नाही. दुसरीही एक पद्धत आहे, ती त्यांना ठाऊक नाही. आपलं चुकलं असं ते कधीच म्हणत नाहीत. बाग बिघडली तर चूक ढगाची, दुकानदाराची, मजुराची. आईशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिनेसुद्धा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

पहिला हात दिला आणि सगळं घर बघायला आलं. गाडी भयंकर दिसत होती. रंग इतका पातळ, की जुने चट्टे आतून डोकावत होते. मी सगळ्यांना सांगितलं, पहिला हात असाच दिसतो, धीर धरा. आई म्हणाली, "तुझं तुला कळतं." अण्णा मात्र रोलरवरून निथळणाऱ्या रंगाकडे बघत राहिले. एवढं पातळ काही टिकत नाही, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घासून पुसून घेतली, दुसऱ्या हातासाठी छोट्या डब्यात रंग कालवून ठेवला आणि जेवून आले. बॉनेटवर रोलर फिरवला. छान बसला. मग माझ्या डोळ्यांदेखत रंग मागे सरकायला लागला. इथे एक गोल, तिथे एक गोल, प्रत्येक गोलाच्या आत खालचा फिका रंग, जणू गाडी डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. पुन्हा रोलर फिरवला, ते मिटले, आणि परत उघडले. छप्पर, दारं, डिकी, सगळीकडे तेच.

मी रडायच्या बेतात होते. पण खरं सांगायचं तर रडण्याआधी मला कुतूहल वाटलं. कशाची तरी किळस आल्यासारखा रंग बाजूला होत होता. कशाची?

संशय आधी आईवर गेला. तिचं चकल्यांचं तळण चालू होतं आणि येता-जाता ती गाडीवरून कौतुकाने हात फिरवत होती. मी तिला फाडकन बोलले, की तुझ्या तेलकट हातांनी माझी गाडी घालवलीस. आईने आपले हात पाहिले, पदराला पुसले आणि म्हणाली, असेल बाई, माझ्याच हातून झालं असेल. अण्णा ओट्यावर बसून होते. ते उठले आणि पंपाकडे गेले. थोड्या वेळाने पाहिलं, तर माझा रंगाचा छोटा डबा त्यांनी धुऊन पालथा घातला होता. मला वाटलं, चला, एवढी तरी मदत.

आईचा चेहरा रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर राहिला. सकाळी ठरवलं, ओरडून काही कळत नाही, अण्णांच्या बागेसारखं करू. शेडमागे पडलेला जुना पत्रा घासून घेतला आणि खडूने त्यावर चौकोन पाडले. एकात नुसता मोठ्या डब्यातला रंग. एकात टर्पेंटाइन जास्त. एकात पत्रा ओला ठेवून. एकात नवा रोलर. एकात आईच्या कढईतलं तेल बोटाने चोळून. शेवटचा चौकोन रिकामा ठेवला, सोडलेली ओळ म्हणून.

ऊन वर येईपर्यंत मी पत्र्यापुढे उकिडवी बसून होते. नुसता रंग, साफ. जास्त पातळ, साफ. नवा रोलर, साफ. ओल्या पत्र्यावर फुगे आले, पण डोळे नाहीत. तेलावर रंग चिकट राहिला, ओघळला, तरी गोल डोळा एकही नाही. म्हणजे आई निर्दोष होती. मी तिला हाक मारून ते दाखवलं आणि माफी मागितली. तिने विचारलं, "मग कशानं?" ते मलाही कळत नव्हतं.

अण्णा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी सगळे चौकोन एकेक करून नीट पाहिले, बाग पाहतात तसे. मग बंडीच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. ती मला लहानपणापासून माहीत होती. स्टिकर. फवाऱ्याच्या टाकीत झाकणभर घालायचा, की औषध पानावरून घरंगळत नाही, पसरून चिकटून राहतं. त्याच्याशिवाय अण्णांची एकही फवारणी होत नाही. त्यांनी माझ्या हातातल्या रंगात दोन थेंब टाकले, काडीने ढवळलं, आणि शेवटच्या चौकोनाकडे बोट केलं.

"आता ह्यात बघ," म्हणाले.

मी रोलर फिरवला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. रंग बसला, थांबला, आणि एकेक करून डोळे उघडले. पानावर औषध चिकटवणारा स्टिकर तेलरंगाला मात्र दूर ढकलत होता. वर पाहिलं तेव्हा अण्णा बागेच्या वाटेला लागले होते. पाठमोऱ्या माणसाला काय बोलणार? माझ्या गाडीचा पातळ रंग टिकावा, तिला चिकटून राहावा, म्हणून मी जेवायला गेले तेव्हा त्यांनी चोरून त्यांच्या जवळचं सगळ्यात खात्रीचं औषध तिला दिलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

दुपारी ते जुना बनियन घालून शेडमध्ये आले आणि न बोलता पॉलिश पेपर घेतला. टर्पेंटाइनने पुसायचं, घासायचं, पुन्हा पुसायचं. त्यांच्या वयाला ते सोपं नव्हतं. बॉनेट, दारं, छप्पर नितळ झालं, नवे हात बसले, आणि गाडी खरोखर उजळली. डाळिंब पुसून ठेवावं तशी. पण पत्र्यावरच्या माझ्या उपद्व्यापात बराच रंग संपला होता. डिकीपर्यंत आलो आणि डबा खडखडीत झाला. पाडव्याची सुट्टी, दुकान रविवारपर्यंत बंद, आणि तीच छटा पुन्हा जुळेल याचा भरवसा नाही. डिकी डोळ्यांसकट तशीच राहिली.

रविवारी महेश आला, पाठोपाठ ओम. ओमने पुढून गाडी पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. महेशही दोन फेऱ्या मारून म्हणाला, हे तू केलंस? मला वाटलं, जिंकले. मग तो मागे गेला. डिकीवरून बोट फिरवत अवघडून म्हणाला, "छाया, नव्यासारखी म्हणालीस ना तू."

शब्द माझाच होता. ओम म्हणाला, एवढं काय, डिकी मी करून घेईन, गाडी मला पसंत आहे. मी पर्समध्ये हात घातला. किल्ली हाताला लागली, पण बाहेर निघेना.

अण्णा ओट्यावरून उतरले. जावयासमोर ते नेहमी टोपी नीट करून बोलतात, आज तेही केलं नाही.

"महेशराव, हे तिचं काम नाय. तिचं काम पुढं हाय, ते बघा." त्यांनी डिकीवर हात ठेवला. "हे माझं हाय. रंगात मी फवाऱ्याचा स्टिकर घातला. तिला न विचारता. तिनं तिच्या आईला बोल लावला तवा मी तिथंच बसलो व्हतो, तरी गप्प ऱ्हायलो. चुकलं माझं."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

ओम द्राक्षवाल्यांच्याच भागातला. स्टिकर म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने गाडीकडे एकदा पुन्हा पाहिलं, पुढच्याही रंगाला हात लावून पाहिला, घरी विचारून कळवतो म्हणाला आणि चहा न घेता निघाला. अण्णांनी त्याला थांबवलं नाही. खोटंही काही सांगितलं नव्हतं.

महेश सासऱ्यांना कित्येक वर्षं ओळखत होता. तो म्हणाला, "मामा, दुकान उघडलं की मीच डबा आणतो. डिकी आपण दोघं करू."

"नको," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तशीच. एक ओळ सोडायची असती."

एवढं बोलून ते पुढच्या दाराशी गेले आणि दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर बसले. आजवर ते माझ्या गाडीत कधी बसले नव्हते. मी चालवायला बसले आणि किल्ली लावली.