दोन कोंबडे आणि कुसाची पुडी

हरसूलच्या आठवडे बाजारात त्या दिवशी मिरचीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळा बाजार शाळेच्या भिंतीलगत मुळीबाबाच्या तंबूपुढे लोटला होता. ताटात कापूर भडकला होता आणि दोन खुंट्यांना दोन कोंबडे बांधले होते, एक तांबडा, एक पांढरा.

"मायबापहो," बाबा गरजला, "फेफरं म्हंजे काय? मेंदूची शीर उघडी पडते! तिला वारा लागला की माणूस आडवा! माझी मुळी त्या शिरेला कवच घालते. हे मी नाय सांगत, पेपर सांगतोय. मोठाल्या डाक्टरांनी ह्याच मुळीचा पाला वाटून उंदराला पाजला, उंदराचा मेंदू शाबूत ऱ्हायला!"

त्यानं वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा फडकवला. तो त्यानं उलटा धरला होता, पण वाचतंय कोण?

मग त्यानं पांढऱ्या कोंबड्याच्या चोचीत हिरवा रस ओतला, तांबड्याला कोरडाच ठेवला. डाव्या ताटलीतली पिठाची गोळी तांबड्याला, उजव्या ताटलीतली पांढऱ्याला. "ही गोळी म्हंजे फेफऱ्याला बोलावणं," बाबा म्हणाला. थोड्या वेळात तांबडा धाडकन पडला. पंख झाडतोय, मान मुरगाळतोय, पाय ताठ. बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. पांढरा मात्र मजेत दाणे टिपत होता. तांबड्याची तडफड ओसरायला लागली, तसा बाबानं त्याच्याही चोचीत रस ओतला. तो धडपडत उभा राहिला आणि बाजारानं टाळ्या वाजवल्या.

"आता ऐका. दोन औषधं एका पोटात भांडतात. घरात इलायती गोळ्या असतील त्या माझ्या झोळीत टाका, मगच रस मिळंल!"

झोळी भरली. पुड्यांवर पुड्या पडल्या, आणि त्या सगळ्या माझ्या होत्या.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हाही तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरांची जागा आठ महिने रिकामी होती. गोळ्या बांधायला कागद मिळायचा नाही म्हणून मी मलेरियाच्या जुन्या फॉर्मांच्या पुड्या करायचो आणि वर पेशंटचं नाव लिहायचो. लंकाबाईची मुलगी कुसा तेव्हा चौदा वर्षांची. घरात वाचता येणारी ती एकटीच. फिटच्या गोळ्यांची पुडी हातात पडली की आधी स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायची, मग पुडी उलटून मागचं. "दादा, या केरूला मलेरिया झालता व्हय?" दोन वर्षांत तिला एकही झटका आला नव्हता.

त्या दिवशी तिचीही पुडी झोळीत गेली. मी लंकाबाईला गाठलं.

"मावशी, गोळ्या बंद करू नका. अचानक सोडल्या तर झटका दुप्पट उलटतो."

"हे तुमी आजच सांगताय, दादा. इतके दिस नुसतं 'रोज एक' म्हनायचे."

खरंच होतं ते. रांग मोठी असायची आणि मी खिडकीतून पुडी सरकवून पुढच्याला हाक मारायचो.

"आन् कोंबडा म्या डोळ्यांनी पाह्यला," ती म्हणाली. "तो का खोटं बोलंल?"

मी दवाखान्यात परतलो. पुढचे तीन आठवडे तर मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. रोज तंबूवर जाऊन रस पिणाऱ्यांपैकी कुणालाही फिट येत नव्हती. माझ्या खिडकीवर फेफऱ्याचा एकही पेशंट फिरकला नाही. मलाच वाटू लागलं, बाबाच्या पाल्यात काहीतरी असावं.

चौथ्या बाजाराच्या सकाळी लंकाबाईचा नवरा पुंजा कुसाला पाठीवर घेऊन धावत आला. एक झटका संपतो न संपतो तोच दुसरा, मध्ये शुद्ध नाही. असा झटका थांबवणारं इंजेक्शन कपाटात नव्हतं, डॉक्टर खुर्चीत नव्हते. मी तिला कुशीवर वळवलं, चमचा-बिमचा काही तोंडात घालू दिलं नाही आणि बाजाराच्या जीपमध्ये घालून नाशिकला पाठवलं. एवढंच मला करता आलं. जीप वळणाआड गेली आणि मी तंबूकडे चालू लागलो.

गर्दी जमत होती, कापूर अजून पेटायचा होता. मी डाव्या ताटलीतली गोळी नाकाशी नेली. कापूर! पोटात गेलेला कापूर झटके आणतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. उजवीकडची गोळी नुसत्या पिठाची. रोज ताटात कापूर जळायचा, मग गोळीचा वास कुणाला कळणार?

"बाबा, पांढऱ्याला रस पाजा," मी म्हणालो. "गोळ्या मी चारतो."

"अरे, तुझा हात लागला तर इटाळ होईल!"

"व्हऊ द्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कवच हाय ना?"

बाबाला पाजावं लागलं. मी ताटल्या बदलून गोळ्या चारल्या. कवचवाला पांढरा धाडकन पडला. तांबडा, ज्याला थेंबही मिळाला नव्हता, कुकूचकू करत उभा. लोक हसले.

"पन मंग तीन आठवडे गुन कसा आला?" लंकाबाईची जाऊ सुलाबाई म्हणाली.

मी तंबूत शिरलो. कोपऱ्यात खल, त्याच्या तळाशी पांढरी पूड. शेजारी माझ्या रिकाम्या पुड्यांचा ढीग. मलेरियाचे फॉर्म, माझं अक्षर. मी एकेक नाव बाहेर येऊन वाचलं. "धोंडीराम. चिमणाबाई. कुसा. तुमच्याच गोळ्या कुटून तुम्हालाच पाजल्या. गोळ्या संपल्या, गुण संपला."

वाचून मान वर केली तर बाबा पसार झाला होता. धोंडीराम डोकं खाजवत म्हणाला, "पन दादा, त्याचा हात लय गुनाचा व्हता. त्याच गोळ्या तुमी देता, पन रसाबिगर."

मी पुड्या गोळा केल्या आणि घरी गेलो.

कुसा वाचली. महिन्यानं आईबरोबर खिडकीवर आली. झटके लांबले की मेंदूच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. बाबा कवच-कवच म्हणून बोंबलत होता, आणि गोळ्यांचं जे खरं कवच होतं तेच त्यानं झोळीत घालून नेलं होतं. मी पुडी पुढे केली. तिनं ती बराच वेळ पाहिली आणि न वाचताच आईकडे दिली.

"पहिल्यावानी नाव वाचंल ना, दादा?" लंकाबाईनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं.

पाल्यात गुण नसतोच असं मी म्हणत नाही. असेलही. पण उंदरावरचा प्रयोग हा नुसता प्रश्न असतो, त्याचं उत्तर माणसापर्यंत यायला वर्षं लागतात. तोवर चालू गोळी कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, आणि चमत्कार दिसला तर ताटल्या बदलून पाहा. आम्हा पुडी देणाऱ्यांनाही सांगणं आहे, नुसतं 'रोज एक' म्हणून पुढच्याला हाक मारू नका.

कुसा आली की मी पुडी अजूनही तिच्याच हातात देतो आणि थांबतो. रांग खोळंबते. अजून तरी तिनं नाव वाचलेलं नाही.