रावसाहेबांचं पाणी

रावसाहेब पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, आणि सासरे उद्या संध्याकाळी परत येणार होते.

रावसाहेब म्हणजे आमच्या काचेच्या टाकीतला केशरी गोल्डफिश, सासऱ्यांचा जीव की प्राण. भावाकडे जाताना त्यांनी टाकी आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हवाली केली आणि मला बजावलं, "सूनबाई, तू लांबूनच बघ." ते लागलंच मनाला.

आता लांबूनसुद्धा दिसत होतं. कल्ले लालभडक, पर अंगाशी आवळलेले.

"रोग झालाय," नवरा म्हणाला. "औषध आणतो."

"अंगावर ना ठिपका, ना जखम. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी नको. आधी पाणी तपासू."

सासऱ्यांच्या कपाटात अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष, तपासायचं औषध होतं. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे विष.

"पिवळाच आहे," नवरा म्हणाला.

"हा पिवळा?" मी रंगांच्या दुकानात दिवसभर छटा मिसळून देते. नळी खिडकीपाशी नेली. "चक्क पोपटी आहे!"

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रावसाहेब मरणाच्या दारात आणि मी नाचतेय! पण चोर सापडला होता ना!

फक्त तो आत कसा शिरला? खाणं मोजकंच, पंप चालू. मी फिल्टर उघडला, तर आतला स्पंज पांढराशुभ्र.

"याचं काय केलंस?"

"निर्जंतुक केला!" नवऱ्याने छाती फुगवली. हा इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतो. घरातले चमचेही याच्या तावडीतून सुटत नाहीत. "चांगला उकळला."

"अरे देवा! माशांची घाण पचवणारे जंतू त्या मळातच राहतात. तू त्यांची अख्खी वस्ती उकळलीस!"

त्याचा चेहरा एवढासा झाला. पण रागवायला वेळ कुठे होता? क्लोरीन उडून जावा म्हणून सासऱ्यांनी बादल्यांत साठवलेलं शिळं पाणी घेऊन आम्ही टाकीतलं निम्मं पाणी बदललं. रावसाहेबांना जरा दम मिळाला. पण जंतू हवे होते, जिवंत आणि आजच.

नणंद! मागच्या गल्लीत तिची टाकी आहे. काचा शेवाळलेल्या, मासे मात्र तुकतुकीत. तिच्या आळसाला मी कायम नावं ठेवत आले. फोन लावला.

"अगं, तुझ्या फिल्टरचा स्पंज कधी धुतलास?"

"झालं का वहिनी तुझं सुरू?"

"तसं नाही गं! शपथेवर सांग."

"धुतल्याचं आठवत नाही."

"जिंकलीस! अर्धा कापून ठेव, तुझा दादा येतोय!"

दाराची कडीसुद्धा रुमालाने धरणारा माझा नवरा तो काळा, बुळबुळीत तुकडा दोन्ही हातांत धरून धावत आला. सदऱ्यावर ओघळ. "सुकू नाही दिला!" तो ओरडला. मला तो इतका आवडला त्या वेळी!

दुसऱ्या दिवशी सासरे आले ते चपला न काढताच टाकीपाशी गेले. रावसाहेब तळातून उसळून काचेशी आले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात सासऱ्यांनी फिल्टरमधल्या काळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

"हा स्पंज कुणाचा?"

"बाबा, आपला स्पंज मी उकळला," नवरा म्हणाला. "पाणी बिघडलंय ते हिने ओळखलं. मला तर पिवळंच वाटलं होतं."

सासऱ्यांनी कपाट उघडलं. आतून ती नळी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"हल्ली मलाही पिवळं-हिरवं कळत नाही, सूनबाई. आता तूच जवळून बघत जा."